पाव सेकंदाचा हिशेब

ऑक्टोबर लागला की किचनरमध्ये हरणांच्या गप्पा सुरू होतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं हे शहर. वस्ती संपते तिथे मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांची मक्याची शेतं लागतात, आणि त्यांच्या कडेच्या झाडीत पांढऱ्या शेपटीची हरणं असतात. धनुष्याने शिकार करायचा हंगाम उघडतो, आणि ओळखीतलं कोणी ना कोणी म्हणतं, चल, क्रॉसबो बघायचाय. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं, घोडा (ट्रिगर) दाबून सोडायचं धनुष्य. मी जातो. अंबरनाथच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेल्या फिटरचा मी मुलगा. सांधा कसा बसवलाय ते पाहिल्याशिवाय मला राहवत नाही.

माझ्यासारख्या बदलापूरहून आलेल्याला आधी शिकारच खटकते. खटकायलाच हवी. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ची दुरुस्ती यांनी आपल्याकडे शिकार जवळजवळ पूर्ण थांबवली, ते चांगलंच झालं. बदलापूरजवळच्या बारवीच्या जंगलात जे काही उरलंय ते राखलंच पाहिजे. इथली गोष्ट वेगळी. दक्षिण ओंटारिओतून लांडगे कधीच नाहीसे झाले. हरणं पिकात शिरतात, रात्री गाड्यांसमोर येतात. म्हणून शिकारीचा अभ्यासक्रम, परीक्षा, परवाना आणि ठरलेला हंगाम. मांस घरी खायचं, विकायला बंदी. हे सगळं मान्य केलं की एकच जबाबदारी उरते: जनावर जखमी होऊन झाडीत तडफडत राहता कामा नये. चांगला क्रॉसबो कोणता, याचं माझं उत्तर तिथूनच निघतं.

दुकानदार मात्र वेगापासून सुरुवात करतो. हा सेकंदाला ३५० फूट, तो ४५०. आकडा चढला की किंमतही चढते. आता हिशेब करून बघा. आवाज सेकंदाला साधारण अकराशे फूट जातो. हरीण ४० यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर उभं असेल, तर दोरीचा आवाज त्याच्या कानावर ०.११ सेकंदात पडतो. ३५० फूट वेगाचा बाण पोचायला ०.३४ सेकंद लागतात. मधला जवळजवळ पाव सेकंद हरणाचा. पळण्याआधी उसळी घ्यायला ते पाय दुमडून खाली बसतं, आणि फुफ्फुसावर धरलेला बाण पाठीच्या कण्याकडे जातो, नाहीतर वरून निघून जातो. ४५० फूट वेगाचा क्रॉसबो घेतला तरी ०.१६ सेकंद उरतातच. तोच ३५०चा क्रॉसबो घेऊन २० यार्डांवर थांबा, तर फरक ०.१२वर येतो. जादा पैसे मोजून जे मिळत नाही ते झाडावरच्या मचाणात गप्प बसून मिळतं. म्हणून मी म्हणतो, वेगाचे पैसे वाचवा आणि घोड्यावर घाला.

गेल्या खेपेला दुकानातूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, “घोडा दाखव आधी. आणि धनुष्याची दोन्ही पाती नीट बसलीत का बघ रे, एका बाजूला फट दिसते का?” स्वस्तातल्या एका क्रॉसबोत खरंच दिसली, उजवं पातं ज्या खाचेत बसतं तिथे नखाची कड सहज शिरत होती. दोनशे पौंडांहून जास्त ओढीचा ताण त्या खाचेवर येणार! घोडाही मध्येच खरखरत, अडकत सुटायचा. असा घोडा ऐन क्षणी नेम हलवतो. बाबांनी मान हलवली, आम्ही तो परत ठेवला.

एक्सकॅलिबर ही क्रॉसबोची नावाजलेली कंपनी याच शहरातली. त्यांच्या धनुष्याला चाकं नाहीत, नुसती वळलेली पाती. रुंदी जास्त, मचाणात फांद्यांना अडतं, पण दोरी तुटली तर जंगलातच नवी चढवता येते. चाकांच्या कंपाउंड प्रकाराला त्यासाठी प्रेस लागतो. नवख्याला मी बिनचाकाचाच सुचवतो. ओंटारिओत हरणासाठी ओढ किमान ४५ किलो आणि बाणाचं पातं किमान २२ मिलिमीटर रुंद लागतं. ही अट बहुतेक क्रॉसबो सहज पुरी करतात, तिथे अडायचं कारण नाही.

अडायचं ते सुरक्षेवर. बाण न लावता दोरी सुटली तर पाती फुटू शकतात, म्हणून ती अडवणारी कळ असलीच पाहिजे. पुढच्या हाताचा अंगठा दोरीच्या वाटेत येऊ नये म्हणून दांड्याला पुरेसा आडोसा हवा. अंगठे कापले गेल्याच्या गोष्टी इथे खऱ्या असतात. घोड्याभोवती जाड हातमोज्यातलं बोट मावतं का, हे दुकानातच मोजे घालून बघा, नोव्हेंबरात नव्हे. ओढण्याच्या दोरखंडाने जोर निम्मा लागतो, शिवाय दोरी मधोमध बसते. हाताने ओढताना ती बोटभर सरकली की बाण बाजूला जातो. बाणाच्या मागची खाच कंपनीने सांगितलीय तीच हवी, दुसरी बसली तरी लावायची नाही.

उल्हासनगरच्या बाजारात माल उलटा करून शिवण तपासतो ना आपण, तसाच हाही तपासायचा, छाप कुठलाही असो. आणि हंगामाच्या आधी बाणाला शिकारीचीच पाती लावून २० यार्डांवर सराव करायचा. सरावाच्या बोथट टोकांचा नेम पात्यांना तसाच लागू पडेल असं नाही. बाण तळहाताएवढ्या जागेत पडू लागेपर्यंत परवाना खिशातच ठेवा.