बाई, माझंच शीर्षक लहान का?

गेल्या वर्षी शाळेच्या वार्षिक अंकाची अक्षरजुळणी माझ्याकडे आली. 'स्क्राइबस' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर होतंच. रात्री ओटा आवरून बसायचं आणि एकेक शीर्षक निवडून मोठं, ठळक करायचं. अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शीर्षकं १८ऐवजी २२ पॉइंट करा." अडतीस शीर्षकं! रात्री दोनपर्यंत जागले, तरी एक राहिलंच. अंक हाती पडल्यावर पाचवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, माझ्याच कवितेचं शीर्षक लहान का हो?" काय सांगणार तिला?

यंदा मात्र आधी 'पॅराग्राफ स्टाइल' शिकून घेतली. 'एडिट'मधून 'स्टाइल्स' उघडायचं, नवी स्टाइल घेऊन तिला 'शीर्षक' असं नाव द्यायचं; टाइप, आकार, ओळींमधलं अंतर एकदाच ठरवायचं. 'मजकूर' आणि 'कवीचं नाव' यांच्याही तशाच. मग त्या त्या परिच्छेदाला स्टाइल लावली की झालं. ब्लाउजचं कागदी कटिंगच म्हणा ना! फक्त इथे कागद बदलला की शिवून झालेले सगळे ब्लाउज आपोआप बदलतात. एक मात्र सांभाळा हं, एखाद्या ठिकाणी हाताने वेगळा आकार दिला असेल, तर स्टाइल बदलूनही तो तसाच राहतो.

यंदाही शेवटच्या दिवशी आकार बदलायला सांगितलाच. पाच मिनिटांत काम झालं. तरी पान न् पान तपासलं. सगळ्यांत आधी त्या मुलीचं!