वारुळावरची ओळख

आषाढात ढग गडगडायला लागले की सिंधुदुर्गातल्या आमच्या घरामागच्या वारुळांवर आजीची रोज फेरी व्हायची. मातीतून पांढुरक्या, मधोमध टोक असलेल्या कळ्या डोकावल्या की ती उकिडवी बसायची, बोटांनी माती मोकळी करायची आणि अळंबी हलकेच वर ओढायची. वरचा भाग चार बोटांचा, पण खाली निमुळती होत गेलेली शेपटी वीतभर, कधी हातभर. ती वारुळातूनच आली आहे ना, हे आजी बघायची. तिची परीक्षा एवढीच. "वारूळ सोडून रुजली तर हात लावचो नाय," असं बजावायची. संध्याकाळी ओल्या खोबऱ्याचं वाटप लावून भाजी व्हायची आणि त्या दिवशी माशांची आठवण कुणी काढत नसे.

या शेपटीचा अर्थ मला वनस्पतिशास्त्राच्या वर्गात कळला. टर्मिटोमायसिस हे या अळंबीच्या प्रजातीचं नाव फ्रेंच शास्त्रज्ञ रोजेर हाइम यांनी १९४२ साली दिलं. वाळवी पालापाचोळा नि लाकूड खाऊन वारुळाच्या पोटात त्याचे जाळीदार थर रचते आणि त्यावर ही बुरशी पोसते. बुरशी लाकूड पचवून देते, वाळवी तिला ऊब, ओल आणि खाणं पुरवते. हा संसार सुमारे तीन कोटी वर्षांचा आहे. शेपटी त्या थरापर्यंत पोचलेली असते. म्हणूनच ही अळंबी शेतीच्या शेडमध्ये पिकवणं अजून जमलेलं नाही. गोव्यात पावसाळ्यात पानात बांधून विकायला येणारी रोयण अळमी याच कुळातली.

आजीला फक्त ही एक अळंबी कळत होती, तिच्या जागेवर आणि तिच्या हंगामात. बाकीच्या सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या. पुढे बुरश्यांचे जाडजूड ग्रंथ चाळले, तरी यापेक्षा शहाणी पद्धत मला दिसलेली नाही. विषारी अळंबी ओळखायची सरसकट खूण जगात नाही. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण रंग बदलतो, किड्यांनी खाल्लेली ती सुरक्षित, हे सगळं खोटं आहे, आणि या खोट्यापायी माणसं मरतात.

पुण्यात सोसायटीच्या हिरवळीवर पावसानंतर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या तेव्हा लेकीने विचारलं, "बाबा, पणजीची अळंबी?" दिसायला खरंच देखण्या. एकीची टोपी कापून पाकळ्या खाली येतील अशी पांढऱ्या कागदावर ठेवली, वर वाडगं पालथं घातलं. सकाळी कागदावर गळलेल्या बीजाणूंच्या चक्राच्या आऱ्यांसारख्या रेषा उमटल्या होत्या, शेवाळी हिरव्या. टर्मिटोमायसिसचे बीजाणू फिकट गुलाबी पडतात. हिरवे बीजाणू म्हणजे क्लोरोफायलम मोलिब्डायटिस: खाल्ली की काही तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा. लेकीने तो कागद तारीख घालून वहीत चिकटवला. मोबाइलला ओळख विचारायला वरून काढलेल्या फोटोत यातलं काय दिसणार? ना बीजाणूंचा रंग, ना मातीत दडलेलं बूड. मोबाइलने सांगितलेलं नाव पुढच्या अभ्यासाला घ्यावं, कढईला नाही.

अमॅनिटा प्रजातीतल्या काही जातींमधलं अमॅटॉक्सिन हे विष तर शिजवूनही जात नाही. त्रास सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागतात, मग उलट्या थांबतात, माणसाला बरं वाटू लागतं, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. तेव्हा रानातली अळंबी खाल्ल्यावर कुणाला त्रास झाला तर उतार पडायची वाट बघू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा, आणि उरलेली अळंबी, निवडताना टाकलेली देठं, हाती लागेल ते कागदात गुंडाळून सोबत न्या.