पठारावरचे गायरान

अहिल्यानगरहून कल्याणच्या रस्त्याने भाळवणी मागे टाकली की पारनेरचे पठार लागते. पाऊस बेताचा, माती हलकी, खाली मुरूम. तिथल्या एका गावी गेल्या आश्विनात पुन्हा गेलो. पुन्हा म्हणतो, कारण आठ वर्षांपूर्वी त्या गावच्या गायरानाचे वाटोळे करण्यात माझाही हात होता.

त्या वर्षी पहिला पाऊस पडताच आम्ही दहा एकर नांगरून घेतले, उकिरड्यातले अर्धेकच्चे शेणखत पसरले आणि मद्रास अंजनाचे बी फेकले. श्रावणात पाहतो तो गाजरगवत पांढऱ्या फुलांनी डोलते आहे! जनावरे त्याला तोंड लावीनात. उपटणाऱ्या बायांच्या हातांना खाज सुटली. कुणी तणनाशक सुचवले. पण उताराला गावची विहीर, आणि शेळ्या रोज तिथेच. पंचायतीने नाही म्हटले, ते बरेच झाले.

दुसऱ्या खेपेला नांगर लावलाच नाही. नांगराने खालचे तणाचे बी वर येते. मृगाच्या पावसावर तण खुशाल उगवू दिले आणि ते दोन पानांवर येताच, उघडीप पाहून, कुळवाची उथळ पाळी घातली. दोन बोटांपेक्षा खोल नाही. आर्द्रात पुन्हा उगवले, पुन्हा पाळी. वरच्या थरातले बी असे फसवून संपवायचे. मग पुनर्वसूत पेरणी. अंजनाचे बी हलके, वाऱ्यावर उडणारे. म्हणून चाळलेली माती आणि पुरते कुजलेले शेणखत यांत कालवून त्याच्या गोळ्या केल्या व जेमतेम झाकतील एवढ्याच मातीआड टाकल्या. ओलीच्या पट्ट्यात मारवेलचे ठोंब दीड फुटावर लावले. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण. ते कढत, पण उकळी नसलेल्या पाण्यात चार मिनिटे बुडवून घेतले. तीन आठवड्यांनी खुरपणी झाली. राहिलेले गाजरगवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हात झाकून मुळासकट उपटले.

हे सारे सोपे. अवघड निघाले ते पहिले वर्षभर जनावर आत न सोडणे. जवळच्या हिवरे बाजारने चराईबंदी करून दाखवली आहे, असे मी ग्रामसभेत सांगितले, तेव्हा एक आजी उठल्या.

"सायेब, वरीसभर शेळ्या काय पदराला बांधू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी निम्मेच गायरान बंद करायचे, आणि बी पडल्यावर विळ्याने गवत कापण्याचा पहिला मान शेळ्यावाल्या घरांचा, असे ठरले. तरी आजींना त्या उन्हाळ्यात पाचांपैकी दोन शेळ्या विकाव्या लागल्या. ते मला अजून टोचते.

परवा पाहिले तर बंद भागात गवत कमरेएवढे. वाटेच्या कडेला मात्र गाजरगवत अजून आहेच. वाहनांच्या चाकांबरोबर त्याचे बी येतच राहते. दरवर्षी तेवढी पट्टी उपटावी लागते.

आजी बांधावर भेटल्या. शेळ्या आता चार. मी एक मूठ गवत कापायला वाकलो, तशा त्या ओरडल्या,

"आं, त्याला हात नका लावू, सायेब! बी पडायचंय अजून."