सूनबाईंची फाईल



मंदिरात दोन-तीन जणींनी मला विचारलं, "सूनबाई रोज सकाळी पाठीला बॅग अडकवून कुठे जातात?" उत्तर एका ओळीचं आहे. त्या नांदेडला विद्यापीठात एम.कॉम. करायला जातात. पण हे उत्तर द्यायला आमच्या घराला एक वर्ष उशीर झाला, आणि तो माझ्यामुळे झाला. वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, म्हणून हिशेब सगळा मांडते, नावे बाजूसुद्धा.

मी १९८३ साली बी.कॉम. झाले. कॉलेज नांदेडचं, पण परीक्षा औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाची. ते विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं. त्याआधी आपल्या भागातल्या मुलांची पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची असायची. नांदेडला स्वतःचं विद्यापीठ झालं ते १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिदिनी, आणि त्याला नाव दिलं मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचं, स्वामी रामानंद तीर्थांचं. तोवर माझी मुलं शाळेत जात होती. माझं लग्न मे महिन्यात झालं आणि निकाल जूनमध्ये लागला. गुणपत्रिका भावाने आणून दिली, ती ट्रंकेत साड्यांच्या खाली गेली. एम.कॉम. हा शब्द कुणी काढला नाही, मीही नाही.

आमच्या सूनबाई बार्शीच्या. सोलापूर विद्यापीठाच्या बी.कॉम., प्रथम श्रेणी. मुलाच्या दुकानाचं जीएसटीचं काम त्याच बघतात. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी भाकरी थापता थापता विचारलं, "आई, मी एम.कॉम.ला नाव घालू का?" मी म्हटलं, "लेकरू लहान आहे. पुढच्या वर्षी बघू." त्या काही बोलल्या नाहीत. परातीतलं पीठ तेवढं गोळा केलं.

नातू तेव्हा चार वर्षांचा होता, हे खरं. पण कारण तो नव्हता. एक म्हणजे स्वयंपाकघर पुन्हा माझ्या गळ्यात पडेल ही धास्ती. दुसरं कारण मी स्वतःलासुद्धा सांगत नव्हते. मला जे मिळालं नाही ते हिला नुसतं विचारून का मिळावं?

त्या वर्षी दशलक्षण पर्व ८ सप्टेंबरला सुरू झालं. सहावा दिवस उत्तम संयमाचा, सुगंध दशमीचा. आपल्याकडे रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात, त्या दिवशी सहावा होता. दरवर्षी ऐकते. ज्ञानावरणीय कर्माचा आस्रव कशाने होतो ते त्यात सांगितलं आहे. ज्ञान लपवणं, ज्ञानी माणसाचा मत्सर करणं, दुसऱ्याच्या शिकण्यात अंतराय आणणं. पंडितजी पुढे गेले, मी अंतरायापाशीच थांबले. आजवर मला वाटायचं, पोथीला पाय लावणं, शास्त्र उघडं टाकणं म्हणजे ज्ञानाचा अविनय. भाकरी थापताना बोललेलं एक वाक्यही त्यात बसतं, हे ध्यानात आलं नव्हतं.

अनंत चतुर्दशी त्या साली नेमकी १७ सप्टेंबरला आली आणि दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. दरवर्षी आपण सगळ्यांना "उत्तम क्षमा" म्हणतो आणि कशाबद्दल ते सांगत नाही. मी सूनबाईंना म्हटलं, "तुझं एक वर्ष मी अडवलं. लेकराचं निमित्त केलं." त्या रडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "मग पुढच्या जूनला नक्की ना?"

आता कामाचं सांगते, कारण कुणाच्या घरी हे करायचं असेल तर धावपळ वाचेल. प्रवेश जूनमध्ये घ्यायचा असला तरी कागद जानेवारीपासून जमवा. आमची फाईल अशी झाली: दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, टीसी, आणि विद्यापीठ बदलत असल्यामुळे सोलापूर विद्यापीठाचं मायग्रेशन. शिक्षणात मधली वर्षं गेली असतील तर गॅपचं शपथपत्र. टीसीवर धर्माच्या रकान्यात काय लिहिलं आहे तेही बघून ठेवा. केंद्र सरकारने २०१४ च्या जानेवारीत जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, पण आपल्या कित्येकींच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं हिंदू लिहिलेलं असतं.

सगळ्यात जास्त घाम काढला तो नावाने. गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर आमचं. क्रेडिटचं खातं डिजिलॉकरमधून उघडतं आणि डिजिलॉकर आधारचं नाव घेतं. म्हणजे कागदावर त्या दोन वेगळ्या बायका. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढलेलं होतं म्हणून निभावलं. ज्यांनी काढलं नसेल त्यांनी आधी ते काढा. आणि लेकीचं लग्न ठरलं की आठ दिवसांत आधारवरचं नाव बदलायची घाई करू नका. तिचं शिक्षण कोणत्या नावाने आहे ते आधी बघा.

क्रेडिट हा शब्द ऐकून मी हसले. आम्ही क्रेडिट म्हणजे जमा शिकलो, इथेही तेच आहे. साधारण पंधरा तास शिकवलं की एक क्रेडिट, आणि पास झालं की ते खात्यात जमा. खात्याचं नावच ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. जमा झालेलं क्रेडिट सात वर्षांपर्यंत राहतं. एम.कॉम. दोन वर्षांचं, पण काही अडचण येऊन एका वर्षानंतर थांबावं लागलं तर पदव्युत्तर पदविका हातात पडते. आमच्या वेळी मध्येच सुटलं की सगळं पाण्यात जायचं. संसारी बाईसाठी ही सोय केवढी मोठी आहे, ते आपल्यालाच कळतं.

पहिल्या दिवशी मी सोबत गेले. मुदखेडहून रेल्वेने नांदेड, तिथून गोदावरीचा पूल ओलांडून विष्णुपुरी. विद्यापीठाच्या परिसराला ज्ञानतीर्थ म्हणतात आणि विभागांना संकुल. वाणिज्याच्या संकुलापाशी सूनबाई मला म्हणाल्या, "आई, तुम्ही इथेच थांबा," आणि एकट्या आत गेल्या. मी झाडाखाली बसून त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरी बघत राहिले. दोन तासांनी त्या वेळापत्रक घेऊन आल्या. पहिल्याच सेमिस्टरला संशोधन पद्धतीचा विषय आहे, पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते, आणि शेजारी बसलेल्या मुलीने त्यांना "मॅडम" म्हटलं, हे सगळं एका दमात सांगितलं.

जेवणाचं कसं, हे तुम्ही विचारणारच. रात्रिभोजनाचा आमच्याकडे त्याग आहे, आणि दिवाळीनंतर सूर्य सहाच्या आत मावळतो. संध्याकाळची गाडी चुकली की घरचं जेवण चुकलं. म्हणून दोन डबे असतात. दुपारचा भाजी-भाकरीचा, आणि दुसरा गाडीत बसायच्या आधी खायचा, दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या दशम्या किंवा बिनलसणाचे धपाटे, सोबत शेंगदाण्याची चटणी. चातुर्मासात पालेभाजी बंद, म्हणून मूग-मटकी. उकळलेल्या पाण्याची बाटली वेगळी. दुसरा डबा मी भरते. पहिले पंधरा दिवस कंबर धरली, मग आमच्या ह्यांनी भाजी निवडायला घेतली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक, हे आपण पाठशाळेत लेकरांना सांगतो. दोन्ही त्यांच्या मुली. सुनेचं मात्र आपण पुढच्या वर्षावर टाकतो.

फाईल लावताना सूनबाईंनी ट्रंकेतली माझी गुणपत्रिका बघितली होती. "आई, तुमचं पदवी प्रमाणपत्र कुठाय?" ते मी कधी आणलंच नव्हतं. लागलं कुठे? मागच्या आठवड्यात त्यांनीच अर्ज भरायला बसवलं. विद्यापीठाचं नाव आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, गावाचं छत्रपती संभाजीनगर. माझ्या नावाच्या रकान्यात मी सवयीने सासरचं नाव लिहिलं. त्यांनी खोडायला लावलं. "गुणपत्रिकेवर आहे तेच लिहा, आई."

वडिलांचं नाव लिहून चाळीस वर्षं झाली होती. अक्षर जरा वाकडं आलं. अर्ज गेला आहे.

जय जिनेंद्र.