वऱ्हाडच्या उन्हात डोंगरची मुरी

वऱ्हाडचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला काळ्या रानातला कापूस आठवतो, वरूड-मोर्शीची संत्री आठवतात आणि टाळू तापवणारे ऊन आठवते. मासा काही आठवत नाही. त्यातून थंड आणि खळाळत्या पाण्यावाचून ज्याचे भागत नाही असा डोंगरओढ्याचा मासा तर मुळीच नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेल्याची बातमी दरसाल छापून येते. तेथे असला मासा घरात पाळायचा म्हणजे जावयाला भर दुपारी गच्चीवर बसवून जेवू घालण्यासारखेच! तरीसुद्धा हा मासा वऱ्हाडच्या अगदी उशाशी, मेळघाटात राहतो. त्याला मुरी म्हणतात. ही मुरी शोधायला आणि पाळायला निघालेल्या माणसाला वाटेत वऱ्हाडच्या पाण्याची जी ओळख होते, ती एरवी आयुष्यभर नळाखाली बादली लावूनही होत नाही.

मुरी हे एका माशाचे नाव नव्हे. ते एका गोतावळ्याचे नाव आहे. दोन-तीन इंच लांबीचे, करंगळीहून बारीक अंग, त्यावर तपकिरी पट्टे किंवा ठिपके, तोंडाभोवती सहा किंवा आठ मिशा, आणि खवले इतके बारीक की नसल्यासारखेच. इतर माशांना पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवी मुरीच्या अंगात नावापुरती उरलेली असते. त्यामुळे पोहणे थांबवले की ती सरळ तळाशी जाते. वाहत्या ओढ्यात हीच तिची सोय. वर तरंगणारा मासा पुरात वाहून जातो. मुरी मात्र दगडाखाली अंग घालते आणि पूर डोक्यावरून जाऊ देते.

या चिमुकल्या माशाने विद्वानांनाही बरेच हिंडवले आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिताना १८३९ साली एका जातीला शास्त्रीय नाव दिले, ते आपल्या मराठी ‘मुरी’वरूनच: मूरेह. पुढे फ्रान्सिस डे याने १८७२ साली पुण्याच्या पाण्यातल्या दुसऱ्या एका मुरीचे वर्णन केले. तिच्या भाईबंदांपैकी तीन नव्या जाती उत्तर सह्याद्रीतून शास्त्राला कळल्या त्या २०२१ साली. म्हणजे घरच्या माशाची शिरगणती अजून संपलेली नाही.

आपल्या सातपुड्याला यात विशेष मान मिळाला तो डॉ. सुंदरलाल होरा यांच्यामुळे. होरा (१८९६–१९५५) हे भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे संचालक. खळाळत्या पाण्यातल्या माशांच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घालवले. काही डोंगरी मासे पूर्व हिमालयात आढळतात आणि एकदम दक्षिणेच्या सह्याद्रीत आढळतात. मधल्या सपाट मुलखात त्यांचा पत्ता नाही. मग ते तिकडे गेले कसे? होरांनी १९४० च्या दशकात उत्तर सुचवले की एके काळी हवामान अधिक ओले असताना विंध्य-सातपुड्याच्या रांगेवरून, ओढ्या-ओढ्याने, पिढ्यान् पिढ्या हे मासे सरकत गेले. या कल्पनेला ‘सातपुडा सिद्धांत’ असे नाव पडले. पुढच्या संशोधकांनी तिच्यावर पुष्कळ शंका घेतल्या आहेत आणि वाद मिटलेला नाही. पण आपल्या चिखलदऱ्याच्या डोंगराकडे माशांचा पूल म्हणून कुणी पाहिले होते, ही गोष्ट वऱ्हाडी माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे.

तो पूल पाहण्यासाठी पावसाळा ओसरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे अमरावतीहून निघावे. परतवाडा पन्नासेक किलोमीटर. वाटेत आसेगावला पूर्णा नदी आडवी येते. तिची याद ठेवा, परतताना तिच्याशी काम आहे. परतवाड्यापुढे घाट लागतो, सागाची मोठाली पाने दिसू लागतात आणि हवेचा कढ उतरतो. या गाविलगडच्या रांगेवर पडणारे पाणी दोन वाटांनी जाते. सिपना, गडगा, खापरा या नद्या आतल्या रानातून तापीकडे धावतात. चंद्रभागा, शहानूर आणि वान दक्षिणेला कडा उतरून पूर्णेला मिळतात. पूर्णाही अखेर चांगदेवला तापीतच जाते. तेव्हा दोन्ही बहिणींचे माहेर आणि सासर एकच. फक्त एक रानातून जाते आणि दुसरी कपाशीतून.

सेमाडोहजवळ सिपनेच्या काठी उभे राहिलात तर प्रथम काहीच दिसणार नाही. पाणी गुडघाभर, नितळ. तळाशी गोल गुळगुळीत गोटे. पाच मिनिटे सावली न हलवता उभे राहावे. मग एखाद्या गोट्याच्या बुडाशी वाळूचाच एक तुकडा जरासा सरकतो. पुन्हा निरखले की त्याला मिशा दिसतात! प्रवाहाकडे तोंड करून, पुढचे पर पसरून, ती तळाला अंग टेकून बसलेली असते. पाण्याबरोबर येईल तो किडा टिपायचा, शेवाळात दडलेली अळी उचलायची आणि पुन्हा आपल्या जागी. सगळा संसार एका दगडाभोवती.

हात शिवशिवतात हे खरे. पण येथे हात खिशातच ठेवायचे. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. १९७३-७४ पासून त्याला हे संरक्षण आहे. त्यातून काडी उचलून आणायची परवानगी नाही आणि मासाही तिच्यातच मोडतो. कायदा नसता तरी हिशेब तोच राहतो. उन्हाळ्यात हे ओढे तुटतात, मैल-मैल कोरडे पडतात आणि मधूनमधून डोह तेवढे उरतात. पुढच्या पावसात साऱ्या ओढ्यात मुरी पसरायची ती त्या डोहांत तगलेल्या मूठभर माशांतून. त्या मुठीतले आपण दहा उचलले तर ओढ्याचे किती गेले ते ओढ्यालाच कळेल.

मग पाळायची कुठली? त्यासाठी डोंगर उतरून खाली यावे. रानाच्या हद्दीबाहेर, परतवाडा-अचलपूरकडच्या बाजारात भोयांच्या टोपल्यांत बारीक मासळीच्या ढिगात सपाटीच्या मुऱ्या असतात, आणि पुष्कळदा जिवंत असतात. अशाच एका टोपलीपाशी मी पाण्याचा डबा पुढे केला, तेव्हा भोईण हसली.

“पोराइले खेळाले नेता काय, भाऊ?”

“नाही मावशी, पाळायला.”

“मंग बुडाशी रेती टाकजा. रेतीबिगर ते राहत नाही.”

पुस्तकांतही याहून वेगळे लिहिलेले नाही. ही सपाटीची मुरी भीती वाटली की डोळ्यांपर्यंत वाळूत शिरते. तिच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो. मुठीत धरले की तो टोचतो. तिला आणखी एक विद्या अवगत आहे. पाण्यातला प्राणवायू कमी पडला की ती वर येऊन हवेचा घोट गिळते आणि आतड्यातून प्राणवायू शोषून घेते. डोंगराकडच्या बहिणींना हे तितकेसे साधत नाही. म्हणून वऱ्हाडात पाळायला हीच बरी. शहरांतल्या दुकानांत ‘हिलस्ट्रीम लोच’ म्हणून जो चपटा, काचेला चिकटणारा मासा मिळतो, तो बहुधा चीन-व्हिएतनामकडचा. तो घेतलात तर पुढची सारी पथ्ये दुप्पट पाळावी लागतील.

पेटी उंच नको, लांब हवी. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे ८५ लिटर पाणी मावते. तळाशी बारीक धुतलेली वाळू, वर गोल गोटे. एका टोकाला पंप असा लावावा की पाणी लांबीच्या दिशेने वाहील आणि तासाभरात पेटीतले सारे पाणी दहा वेळा फिरेल. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधावा, नाहीतर मुरी आत ओढली जाते. गोट्यांवर उजेड पडू द्यावा. शेवाळ धरले तर खरवडू नये. खायला डासांच्या अळ्या आणि बारीक किडे. औषधे जपून, निम्म्या मात्रेनेच. बारीक खवल्यांच्या अंगाला ती लवकर बाधतात.

येथवर सारे सोपे. वऱ्हाडचा उन्हाळा आला की परीक्षा सुरू होते. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३५ अंशांना जेमतेम ७. म्हणजे मासा उकाड्याने धापा टाकू लागतो नेमका तेव्हाच त्याच्या वाट्याची हवा घटते. यावर तोड आपल्या माठातच आहे. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की पाणी झपाट्याने उडते, आणि उडताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. पेटीचे झाकण काढून जाळी बसवावी आणि लहानसा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडावा. दोन-चार अंशांचा उतार सहज पडतो. मुंबईच्या दमट हवेत हीच युक्ती अर्धीही चालत नाही.

पण उडालेले पाणी क्षार मागे ठेवून जाते. रोज दोन लिटर पाणी उडाले आणि आपण तेवढेच नळाचे ओतले, तर चाळीस दिवसांत पेटीतले क्षार दुप्पट होतात. येथे आसेगावची पूर्णा आठवावी. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, तेल्हारा या भागांतला खारपाणपट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्णेने साठवलेल्या खोल गाळातले क्षार निचऱ्यावाचून तेथेच राहिले आणि शेकडो गावांच्या विहिरी खाऱ्या झाल्या. निचरा नाही, ऊन मात्र भरपूर, ही गोष्ट आपल्या दिवाणखान्यातल्या पेटीतही खरी असते. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी पावसाचे साठवलेले किंवा क्षार काढलेले पाणी घालावे, आणि आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. अमरावतीला ऊर्ध्व वर्धेचे पाणी येते, अकोल्याला काटेपूर्णेचे. क्लोरीन उडण्यासाठी ते एक दिवस उघडे ठेवून वापरावे. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी मात्र मुरीला दाखवूही नये.

एवढा व्याप दोन इंचांच्या माशासाठी कशाला, असे घरची मंडळी विचारतील. त्यांना पेटीसमोर बसवावे. वाहते पाणी, त्यातली हवा, थंडावा, निचरा, दगडावरचे शेवाळ: ओढा हे सारे फुकट आणि अहोरात्र करत असतो. पंप, पंखा आणि बादल्या घेऊन ८५ लिटरांपुरते ते करताना आपली दमछाक होते. मग एखाद्या ओढ्यातली वाळू उपसून नेलेली दिसली, किंवा मासळीसाठी डोहात विष कालवल्याचे कानी आले, की तेथे नेमके काय बिघडले हे मुरी पाळणाऱ्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. गावच्या ग्रामसभेत ओढ्याचा विषय निघाला तर असा माणूस उठून चार शब्द बोलू शकतो. वऱ्हाडातल्या गावोगावी अशी चार-दोन माणसे निघाली, तर मेच्या उन्हात एखादा डोह अधिक टिकेल, आणि पुढच्या पावसात मुरीला तेथूनच वरची वाट धरता येईल.