बरणीचा विटाळ

मराठी वाङ्मयाने मडक्याला भरभरून दिले आहे. गोरोबाकाकांनी संतमेळ्यात एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोणाचे मडके कच्चे ते पाहिले आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा आपण वर्गात नेहमी सांगतो. लोणच्याच्या बरणीच्या वाट्याला मात्र असे भाग्य आले नाही. मडक्यामागे गावातला ओळखीचा कुंभार होता. बरणी बाजारातून आली, बिननावाची.

वस्तुतः तिलाही कूळ आहे. साधे मडके बहुधा हजार अंशांच्या आतच भाजतात. त्याची सूक्ष्म छिद्रे उघडी राहतात, पाणी झिरपते, म्हणून ते गार राहते. बरणीची माती सुमारे बाराशे अंशांपर्यंत वा त्याहूनही अधिक तापवतात. तेथे ती अंशतः काचेसारखी होऊन घट्ट बसते. एका जुन्या पद्धतीत भट्टी ऐन तापावर असताना तीत मीठ टाकीत. त्यातील सोडियम मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून भांड्यावर झिलई चढे. मिठानेच उजळलेल्या भांड्यात खारवलेला आंबा मुरावा, हा योग मला विलक्षण वाटतो.

चौदाव्या शतकात इब्न बतूताने आले, मिरी, लिंबू आणि आंबे मीठ लावून भरलेल्या मोठ्या रांजणांचे वर्णन केले आहे. ते 'मर्तबान' ब्रह्मदेशातील बंदराच्या नावाने ओळखले जात. हिंदीत बरणीला आजही तोच शब्द आहे. आमच्या वणीहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती लागते. तेथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या द्वारे कुंभारांना नव्या तंत्राचे शिक्षण दिले. म्हणजे कुंभार आणि चिनी माती यांची गाठ आमच्या शेजारीच पडली होती.

आमच्या घरी कपबशा स्वयंपाकघराबाहेरच्या कोनाड्यात असत. चिनी माती सोवळ्यात चालत नाही, असे आजी म्हणे. पण त्याच मातीची बरणी देवघराशेजारच्या फडताळात, तोंडाला दादरा बांधून, मानाने बसलेली असे. आई महिन्यातले चार दिवस बाजूला बसे, तेव्हा त्या फडताळाकडे जाण्याचीही तिला मुभा नव्हती. सावली पडली तरी लोणचे नासते, हा आजीचा सिद्धान्त होता. आठवीतल्या माझ्या बहिणीने एकदा विचारले, "आजी, बरणीत पाणी शिरत नाही, मग विटाळ कुठून शिरतो?" आजीने उत्तर दिले नाही. पुढे बहिणीलाही बाजूला बसवले गेलेच.

लोणचे नासते ते ओल्या चमच्याने, मीठ कमी पडल्याने, वर तेल न राहिल्याने. हे आईला पक्के ठाऊक होते. वर्षभराचे लोणचे तीच घालत असे.

आता त्या बरण्या हॉटेलांच्या दर्शनी भागात शोभेला मांडलेल्या दिसतात आणि त्यांच्याविषयी हळवे लेखही लिहिले जातात. आजीच्या हाताची चव त्यांत असते, आईचे ते चार दिवस नसतात. बहिणीच्या घरी आज एकही बरणी नाही. ती काचेच्या बाटलीत लोणचे घालते आणि ते वर्षभर टिकते. मडक्याची परीक्षा आपल्या परंपरेने आवर्जून घेतली. बरणीची परीक्षा आठवीतल्या एका मुलीने घेतली होती. बरणीवर लिहिणाऱ्याने तिचा प्रश्न गाळू नये.