बकलावरची उलटी अक्षरं

तळहातावर मावेल एवढी डबी उघडली. एका बाजूला विरलेली मखमल, दुसऱ्या बाजूला विशीतला एक मुलगा उभा. अंगात अमेरिकन यादवी युद्धातला सैनिकी कोट, गालांवर कुणीतरी ब्रशने लावलेला गुलाबी रंग, गुंड्यांवर सोनेरी ठिपके. मेरीलँडमधल्या एका लहानशा संग्रहालयात मी शनिवारी मदतीला जाऊ लागले, त्याचा हा दुसरा आठवडा. फोटोत दिसेल ते लिहून काढायचं, एवढंच काम. मी लिहिलं, ‘सैनिक डावखुरा असावा. बकलावरची अक्षरं लागत नाहीत.’

तिथल्या बाईंनी काही न बोलता डबीसमोर छोटा आरसा धरला. अक्षरं सरळ झाली: ‘यू. एस.’ बंदूकही उजव्या हातात गेली! हा फोटो म्हणजे टिनटाइप, पत्र्यावरचा फोटो. टिनटाइपला निगेटिव्ह नसते, कॅमेऱ्यात घातलेला पत्राच फोटो होतो, म्हणून डावं-उजवं उलटं उमटतं. मग त्यांनी चुंबक जवळ नेला आणि तो ओढला गेला. नावात टिन असलं तरी पत्रा लोखंडाचा. मुलाच्या टाचांमागे एक लोखंडी पाय दिसत होता, तो मी टेबलाचा समजले होते. तो मान स्थिर धरणाऱ्या स्टँडचा निघाला. काही सेकंद जराही हलायचं नसे.

‘याचं नाव?’ मी विचारलं. नाव कुठेच नव्हतं.

त्या रात्री मी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा, यादवी युद्धातल्या फोटोंचा लिल्येनक्विस्ट संग्रह बघत बसले. चेहऱ्यांमागून चेहरे, आणि खाली बहुतेक ठिकाणी ‘अनोळखी सैनिक’. एका फोटोत गणवेशातला कृष्णवर्णीय सैनिक, शेजारी बायको आणि सारखे कोट, सारख्या टोप्या घातलेल्या दोन मुली. चौघं नीट तयार होऊन आलेली. तेव्हा त्यांच्याही फोटोखाली नाव नव्हतं. मी पुढे जाऊच शकले नाही. १८६१ ते १८६५ या युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक गेले, आणि अमेरिकी सैन्यात ओळखपट्टी आली ती १९०६ साली.

पुढच्या युद्धांत तरी हा घोळ नसेल, असं वाटलं होतं. पण छायाचित्रकार जो रोझेन्थाल यांनी २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर काढलेला, झेंडा उभारणाऱ्या सहा सैनिकांचा फोटो घ्या. जगभर गाजलेल्या त्या फोटोतली नावं मरीन दलाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये दुरुस्त केली. कोरियातला, ऑगस्ट १९५० मधला अल चँग यांचा फोटोही डोळ्यांपुढून हलत नाही. मित्र गेलेला सैनिक दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडतोय, आणि मागे एक जण मान खाली घालून मृत-जखमींच्या चिठ्ठ्या भरतोय. मी त्या मागच्या माणसाकडेच बघत राहते.

पुढच्या शनिवारी बाईंनी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतरची हकिकत सांगितली. जुलै १८६३ मध्ये तिथे एक सैनिक मेलेला सापडला, हातात आपल्या तीन मुलांचा काचेवरचा फोटो. बाकी ओळख काही नाही. वर्तमानपत्रात तेव्हा फोटो छापता येत नसत, म्हणून फिलाडेल्फियाच्या पत्राने तो शब्दांत छापला: तीन मुलं, मधला धाकटा उंच खुर्चीत, थोरल्याचा सदरा आणि बहिणीचा झगा एकाच कापडाचा. ते वर्णन इतर पत्रांनीही उचललं. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावात फिलिंडा ह्यूमिस्टन या बाईच्या वाचण्यात ते आलं. असा फोटो तिने नवऱ्याला पाठवला होता. नोव्हेंबरात प्रत तिच्या हाती पडली आणि सार्जंट अमोस ह्यूमिस्टनला त्याचं नाव मिळालं.

एकाच कापडाचा सदरा आणि झगा. हे लिहून ठेवायचं कुणाला तरी सुचलं होतं.

मी माझा कागद परत काढला. ‘डावखुरा’ खोडलं. भिंग घेऊन पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. वरून तिसरी गुंडी इतरांसारखी नाही, तिच्यावर सोनेरी ठिपकाही नाही. उजव्या बाहीला कोपराशी जाड टाके घातलेले. टाके घरच्या हातचे दिसतात. तेही लिहिलं.